खालचा माणूस

शनिवारी रात्री नरसय्या गज्जम फोन करतो
आणि वाऱ्याबद्दल बोलतो.
बायकोबद्दल, कारखान्याबद्दल, दुखऱ्या दाढेबद्दल
तो कधीच बोलत नाही.
"पहाटे पूर्वेचा आहे बे. हलका. टेम्पोत डिझेल टाक."

आठवडाभर तो शाळांचे गणवेश शिवतो.
बावीसशे पोरांची मापं त्याच्या वहीत आहेत.
फुग्याचं माप मात्र तोंडपाठ:
चोवीस पाकळ्या, दुहेरी दुमडीची शिवण,
त्यातली एक पाकळी तपकिरी, कारण लाल कापड संपलं होतं.
टोपली विणली बुरुड गल्लीतल्या शेवंताबाईनं.
"सूप नाही, परडी नाही, हे काय करून घेताय?" म्हणाली,
मग स्वतः आत उभी राहिली
आणि काठ चार बोटं वाढवला.

हिप्परग्याच्या तळ्यामागं, पडीक रानात, सहाच्या अंधारात
आम्ही तो अंथरतो.
चादरीसारखा म्हणू नका,
आमच्या गावात कशालाही चादरीसारखं म्हणतात.
पंखा लावला की आधी त्याचं पोट हलतं,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं.
मग बर्नर. आग मोठ्यानं बोलते आणि गप्प होते.
तेवढ्यात तो उभा राहतो.
दोर माझ्या हातात. हातमोज्यांतूनही तळव्यांना कळतं
की हे ओझं उलटं आहे.
मार्केट यार्डात मी जन्मभर पोती उचलली,
हे पहिलंच, जे मला उचलायला बघतं.
"सोड," तो म्हणतो.
मी सोडतो.

मग पाठलाग. फुगा सरळ जातो, रस्ता जात नाही.
भोगावपाशी तो उजवीकडं होता, कारंब्याच्या अलीकडं डावीकडं,
मधे उसाच्या तीन ट्रॉल्या, त्यांच्यामागं मी,
खिडकीतून मान काढून.
मोटारसायकलवाले विचारतात, कुणाचं लग्न? कुठला पक्ष?
मी म्हणतो, कुणाचं काही नाही. नुसतंच.
"नुसतंच?"
त्यांना पटत नाही. मलाही पहिल्या वर्षी पटलं नव्हतं.

वरून काय दिसतं, ते त्यानं एकदाच सांगितलं:
आवाज दिसतात.
कुत्रं, कोंबडा, विहिरीवरची मोटर, कुणीतरी कुणाला मारलेली हाक,
एकेक सुटा होऊन वर येतो.
यंत्रमागावर वीस वर्षं काढलेला माणूस,
डाव्या कानानं जवळजवळ बहिरा.

आज तो उतरला ज्वारीत. हुरड्याची ज्वारी,
आठ-दहा ओळी आडव्या.
मी बांधावरून पळत गेलो, खिशातल्या खिशात नोटा मोजत,
भरपाई, माफी, सगळं तोंडात तयार.
मचाणावर एक बाई, हातात गोफण,
दगड अजून गोफणीतच.
"कुठनं आलाव?"
नरसय्यानं पूर्वेकडं हात केला.
"निघालावता कुठं?"
त्यानं खांदे उडवले.
महानंदा बिराजदार तिचं नाव, हे नंतर कळलं.
पडलेल्या ताटांकडं ती बराच वेळ बघत राहिली.
"तुमचा त्यो आवाज झाल्यापासनं
एक पाखरू खाली उतरलं नाही बघा.
उद्या बी येताव का?"

नरसय्या तिला वाऱ्याचं समजवायला लागला,
तो कसा सांगून येत नाही,
आला तरी हव्या त्या रानावर थांबत नाही.
"मला सांगताव व्हय?" ती म्हणाली, आणि खाली उतरली.

नोटा तिनं घेतल्या. दोनदा मोजल्या, एक परत दिली.
मग तिघंही फुग्यावर आडवे पडून
आतली हवा तोंडाकडं ढकलत नेली.
हिप्परग्याची पहाट होती ती, अजून कोमट,
फुसफुसत ज्वारीत निघाली.
महानंदानं गोफण काखेत मारली
आणि दोन्ही तळवे तिच्यापुढं धरले,
शेकोटीपुढं धरावेत तसे.